कवडी गल्लीची पाटी

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायला वेळ लागतो, पण लिहिता येतं. हे कोणाला दाखवायचं नाही.

आमच्या दिग्रसमध्ये एका निवृत्त गुरुजींनी मोबाइलवर ग्रुप काढला. जुन्या गावाच्या आठवणी त्यात सांगायच्या. कोणत्या रस्त्यावर कोणाचं दुकान होतं, कापसाची कोणती जिनिंग कधी बंद पडली, तिचा भोंगा किती वाजता व्हायचा. सुनेने माझाही नंबर त्यात टाकून दिला. मी नुसतं वाचते. चार माणसांपुढे बोलायला मला जमत नाही.

माझ्या मैत्रिणीचं तसं नाही. आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो, चौथीनंतर दोघींची शाळाही एकदमच सुटली. आता तिच्या मुलांचं कापडाचं मोठं दुकान आहे. ग्रुप निघाल्यापासून ती दुपारी माझ्याकडे यायला लागली. पलंगावर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "सांग वो, बारदान्याच्या दुकानाबाजूले काय होतं? माह्या तर डोक्यात भुसा भरला."

मी सांगायची. बारदान्याच्या दुकानाबाजूला काटे दुरुस्त करणारा बसायचा, त्याच्या पायाशी वजनांची रांग असायची. पुढे सायकलवाला. त्याच्यासमोर चहाचं हॉटेल, तिथे जिनातले हमाल बशीतून चहा प्यायचे. संध्याकाळी हेच सगळं ग्रुपात मैत्रिणीच्या आवाजात ऐकू यायचं. लोक लिहायचे, ताई, काय आठवण आहे तुमची! मला राग येत नव्हता. मला बोलता येत नाही, तिला येतं. माझं तिच्या तोंडून गावाला कळतं आहे, असंच मला वाटायचं.

मी तिला एकच गोष्ट मागितली होती. "आपल्या गल्लीचं सांगशीन तवा माह्या मायचं सांगजो."

"तुही माय काय अन् माही माय काय," ती म्हणाली. "सांगतो ना वो."

आमच्या गल्लीला कवडी गल्ली म्हणतात. हंगामात जिनाचं आवार कापसाने भरून जायचं, म्हणून कापूस निवडणाऱ्या बाया बाहेर आमच्या गल्लीत, जिनाच्या भिंतीला लागून बसायच्या. कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला, बोंडात घट्ट राहिलेला कापूस. तो वेगळा काढला नाही तर सगळी रुई डागाळते. भिंतीशी कवडीचे ढीग पडायचे, त्यावरून गल्लीला नाव पडलं. माझी माय तिथे पहिल्या जागेवर बसायची. नव्या बाईला मुकादम आधी तिच्याजवळ बसवायचा. माय म्हणायची, डोळ्याने शोधू नको, बोटाने शोध. चांगला कापूस दाबला की वर येतो, कवडी दबूनच राहते. मैत्रिणीची माय तिच्याच शेजारी होती, आणि त्या दोघींच्या मागे आम्ही दोघी. भोंगा झाला की आम्ही उठायचो तेव्हा केसांना, भुवयांना पांढरे तंतू चिकटलेले असायचे. हॉटेलवाला ओरडायचा, "आल्या रे बुढ्या, चहा टाका!" मैत्रीण त्याला उलट उत्तर द्यायची, "बुढी तुही बायको!" मी तिच्या मागे तोंड लपवून हसायची.

मग ग्रुपात एक दिवस आमच्या गल्लीची पाळी आली. कोणीतरी लिहिलं, की पूर्वी तिथे कवड्यांचा जुगार चालत असावा, म्हणून कवडी गल्ली. गुरुजींनी मैत्रिणीला विचारलं, ताई, तुम्ही तिथल्याच ना? मी मोबाइल कानाला लावून बसले. तिचा आवाज आला.

"हो गुरुजी, बरोबर आहे. बाया दिवसभर तिथं कवड्या खेळत बसायच्या. आमचं घर वरच्या अंगाला होतं. घरचे आम्हाला तिकडे जाऊ देत नव्हते."

मी ते तीनदा ऐकलं. ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती, म्हणून आधी वाटलं दुसरीच कोणी बाई असेल.

गुरुजींचं ठरलं होतं, की प्रत्येक जुन्या गल्लीच्या तोंडाशी तिची माहिती लिहिलेली पाटी लावायची. ते कळल्यावर मी सुनेला घेऊन त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. निम्मं मी, निम्मं सुनेने. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण त्या गल्लीतलं दुसरं कोणी सांगितलं तर मला बदलता येईल. आहे का कोणी?"

कवडी निवडायला बसलेल्यांपैकी आता आम्ही दोघीच उरलो आहोत.

मी तिच्या घरी गेले. तिने मला पुढच्या खोलीत न बसवता स्वयंपाकघरात नेलं.

"काहून सांगितलं वो तसं?" मी विचारलं.

"हळू बोल." तिने दार लोटलं. "माह्या नातीचं जमून राह्यलं. पुसदचे पाव्हणे हायेत, मोठे लोक. त्याहीच्या घरचे त्या ग्रुपात हायेत. आजी जिनात मजुरीले जात होती, हे त्याहीले काय सांगू?"

"मंग चूप राह्यची. जुगार कायले म्हणाचं?"

"ते मी नाही म्हटलं, त्यानं म्हटलं. मी फक्त हो म्हटलं." ती माझा हात धरून म्हणाली, "तुहं काय जाते वो त्याच्यात?"

"माही माय जाते."

"तुही माय गेली तिले किती वर्षं झाले."

तिची मायही तितक्याच वर्षांपूर्वी गेली. तिच्या मायच्या बोटांना चिरा पडायच्या तेव्हा माझी माय त्यांवर तेल लावायची. ते तिच्या ध्यानात आहे की नाही, मला कळेना. मी हात सोडवून घेतला. तिने कपात चहा गाळला होता. मी तो न पिता घरी आले.

शुक्रवारी पेंटर आला. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं, कवडी गल्ली, पूर्वी येथे कवड्यांचा खेळ चालत असे. जुगार शब्द गुरुजींनी गाळला. तेवढं त्यांनी माझं ऐकलं असावं. बाजारात जाताना मी आता पलीकडच्या रस्त्याने जाते.

काल दुपारी मैत्रीण पुन्हा आली. काही झालंच नाही अशी पलंगावर बसली, मांडी घातली.

"रागावली काय वो अजून? सोड ना. बरं, सरकीच्या तेलाच्या मिलकडचं सांग. गुरुजी मांगून राह्यले."

"मले नाही आठवत," मी म्हटलं.

"तुले नाही आठवत?" ती हसली. "तुले तर लोकायच्या बकऱ्या आठवतात."

"नाही आठवत."

मग तिने मोबाइल काढला, आवाज साफ केला आणि ती माझ्यासमोरच बोलायला लागली. मिलच्या फाटकाजवळ मोठा वड होता, त्याखाली ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, गाड्या उभ्या राहायच्या. एवढं बोलून तिने, बरोबर ना, असं भुवया उंचावून मला विचारलं.

तिथे वड नव्हता, कडुनिंब होता. आणि गाड्या फाटकाजवळ नाही, मागच्या बाजूला लागायच्या.

मी हो म्हणून मान हलवली.