चार थेंब व्हॅनिला

व्हॅनिलाच्या बाटलीचं झाकण उघडलं, की मला निपाणीतलं आमचं पत्र्याचं घर आठवतं. बी.कॉम.चा निकाल लागला होता. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून बेळगावच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. आईनं तंबाखूच्या वखारीतून सुट्टी काढून, कुकरमध्ये वाळू घालून, आयुष्यातला पहिला केक केला. पहिल्याच घासाला जीभ कडू झाली. मैत्रिणी एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मला लाज वाटली. "अख्खी बाटली वतलीस काय गं? एवढंबी कळत न्हाय?" मी त्यांच्यासमोरच आईला म्हणाले. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मला वासच येईना गं. म्हणून येईपतोर वतलं." वीस वर्षं तंबाखू चाळून तिचं नाक गेलं होतं, आणि त्याच तंबाखूवर शिकलेल्या मला ते ठाऊक नव्हतं. पुढं तीन दिवस ती एकटीच तो केक चहात बुडवून खात होती. "मला तर ग्वाडच लागतोय," म्हणायची. आता आई नाही. माझ्या केकला चारच थेंब पुरतात, घरभर वास सुटतो. तिच्या शेजारी बसून त्या कडू केकचा एक तुकडा मात्र मी खाल्ला नाही.