तो माझ्याकडेच सईची चौकशी करायचा

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "अल्ना का फ्रॅक्चर है." अल्ना म्हणजे कोपरापासून करंगळीच्या बाजूनं मनगटाकडं जाणारं हाड. मी म्हटलं, बाथरूममध्ये घसरली हो, पोरींचं लक्ष कुठं असतं!

त्या हसल्या नाहीत. "माताजी, गिरनेवाला हाथ टेकता है, तब कलाई टूटती है. ये हड्डी ऐसे टूटती है." आणि त्यांनी स्वतःचा हात तोंडासमोर आडवा धरला. कुणी मारायला आलं की आपण धरतो, तस्सा. याला 'डिफेन्सिव्ह इंजरी' म्हणतात. स्वतःला वाचवताना झालेली इजा.

सई, माझी सोळा वर्षांची नात, भिंतीकडं बघत होती.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला रागच आला. मुलगा एअर फोर्सच्या ड्यूटीवर, सून शाळेत शिकवायला, पोरीला घेऊन आले मी, आणि मलाच बाहेर?

बाकावर बसले तोच फोन वाजला. सईच्या क्लासमधला मुलगा.

त्याचं सांगायलाच हवं. आम्ही साताऱ्याचे, बदलीमुळं मोहालीत. घरात मी मराठीत विचारावं, सईनं हिंदीत उत्तर द्यावं. आणि हा मुलगा, तोही बदलीवरच्या घरातला, माझ्याशी कसं गोड मराठी बोलायचा! "आजी, आज थालीपीठ का?" दोघांचं जमलंय हे मला कळत होतं. खरं सांगते, आवडलंही होतं. आपल्याकडचा आहे, म्हणजे चांगलाच असणार.

रोज फोन करायचा. सई निघाली का? कुणाबरोबर? निळा ड्रेस का? मी हौसेनं सगळं सांगायची. वाटायचं, किती काळजी करतो!

आता बाकावर त्यानं विचारलं, "आजी, ती डॉक्टरांना काय म्हणाली?"

मी सवयीनं तोंड उघडलं. आणि लक्षात आलं, हॉस्पिटलात आलोय, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवला. मग एकेक आठवायला लागलं. ऐन जूनमध्ये सईचे पूर्ण बाह्यांचे कुर्ते. मैत्रिणी एकेक करून यायच्या बंद. कुठं बसलीय त्याचा फोटो काढून त्याला पाठवणं. फोन वाजला की पोरीचा चेहरा उतरणं. मी म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे.

बऱ्याच वेळानं आत बोलावलं. सई रडून मोकळी झाली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही एमएलसी होणार, म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावं लागतं. "आणि तुम्ही तिला 'का नाही सांगितलंस' असं विचारू नका," हे त्यांनी हिंदीत दोनदा बजावलं.

मी विचारलंच. तोंडातून गेलंच हो.

सई म्हणाली, "किसको बताती, आजी? उसको सब आप ही तो बताती थीं."

सहा आठवडे प्लास्टर होतं. समुपदेशनाला सून नेते. तक्रार झाली, त्या मुलाचा क्लास बदलला. ते वाक्य मात्र माझ्या कानातून गेलेलं नाही. भाजी निवडताना येतं, देवापुढं बसले की येतं.

पोरांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यापाशीच थांबू नका. शाळेतल्या बाईंना सांगा, डॉक्टरांना सांगा. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. रोज तुमचा हिशोब मागणारी माया माया नसते, तो धाक असतो. त्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर काढलं म्हणून आमची पोर बोलली. त्यांचे उपकार मी विसरायची नाही.

परवा सईच्या आत्याचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. सख्खी आत्या, साधंच विचारलं, "सई कुठंय गं आई?"

सई समोरच जेवत होती. तिचा घास हातातच थांबला.

मी म्हटलं, "तिलाच विचार."

मग तिनं घास तोंडात घातला.