मशीन बिघडलं नव्हतं

माझा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तेव्हा देवळाली प्रवऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांना मशीनचा राग आला. त्यांनी दोनदा हवा भरली, दोन्ही वेळा पारा वरच राहिला. मग त्यांनी कंपाउंडरला बोलावून त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्याचं प्रेशर अगदी व्यवस्थित निघालं. एवढ्यावरून कुणालाही काय ते कळलं असतं. डॉक्टरांना कळलं नाही.

"वय काय तुमचं?"

"तेवीस."

"मग हे शक्यच नाही. मशीन बिघडलंय."

त्या बिघडलेल्या मशीनने ते पुढेही गावाचं प्रेशर मोजत राहिले, आणि मला बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टोचून घरी पाठवलं. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं, कारण ते सगळ्यांना इंजेक्शन देत.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लग्नाला वर्ष झालं होतं. दुष्काळाची सालं होती, तरी आमच्याकडे पाटाला अधूनमधून पाणी यायचं आणि सासरच्या मंडळींना तेवढ्यावरही रुबाब करता यायचा. सकाळी उठले की मानेच्या मागून डोकं ठणकायचं, जिना चढताना छाती धडधडायची. सासूबाईंचं निदान डॉक्टरांच्याही आधी तयार होतं.

"लई शिकलेली हाय ना, मग डोस्कं दुखनारच. आमाला बरं कधी दुखलं न्हाई!"

मग शेजारच्या काकूंनी साडेसाती काढली. एका शनिवारी नवरा मला शिंगणापूरला घेऊन गेला. बाईला चौथऱ्यावर जायची मुभा नव्हती, म्हणून मी उन्हात खाली उभी राहिले आणि त्याने ओलेत्याने माझ्या वतीने तेल वाहिलं. देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण परतताना एस.टी.त नवऱ्याने "आता बरं वाटतंय ना?" असं ज्या खात्रीने विचारलं, त्याबद्दल म्हणायचं आहे. डोकं फुटायला आलं होतं, आणि याला पोचपावती हवी होती.

पुढच्या खेपेलाही पारा वरच राहिला. तेव्हा डॉक्टरांनी मशीनला माफ केलं आणि मला धरलं. सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. त्या काळी प्रेशरला सगळीकडे त्याच द्यायचे, त्यात त्यांची चूक नव्हती. चूक पुढे झाली. गोळ्यांनी माझं नाक चोंदलं, अंग जड झालं, आणि मला रडू यायला लागलं. वर्गात पाढे म्हणून घेताना डोळे वाहायचे. प्रेशर होतं तिथेच. असं रडू येणं हा त्या गोळ्यांचाच एक परिणाम असतो, हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी माझ्यासमोरच नवऱ्याला सांगितलं, "हिस्टेरिया आहे. मूल झालं की जाईल." नवऱ्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो फार हुशार होता. सासूबाई दारात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या की सुनेला नांदायचं नाही, तिची ही सोंगं आहेत.

मग फळ्यावरची अक्षरं धूसर दिसायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी मिरजगावला गेले. वडिलांचं तिथे भुसार मालाचं दुकान होतं. चष्मा लागला असेल म्हणून ते मला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बाहुलीत प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमचं ब्लडप्रेशर कुणी तपासलंय का?"

"तपासलंय. मशीन बिघडलं होतं."

ते हसले नाहीत. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसतायत, आजच्या आज पुण्याच्या मोठ्या इस्पितळात जा, म्हणाले.

वडिलांनी बाहेर येऊन बिडी पेटवली आणि न ओढताच टाकून दिली. "सासरी कळवायचं का?" मी विचारलं.

"मागनं कळवू. त्यांनी काय दिवं लावलं ते दिसलंच की. चल."

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव फार होतं आणि त्यांना ते माहीत होतं. मागे विद्यार्थ्यांचा घोळका. त्यांनी माझ्या बेंबीच्या बाजूला नळी लावली, ऐकलं, आणि एकेकाला बोलावून ऐकवलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. पोट माझं, आवाज माझ्या पोटातला, आणि मला सोडून सगळ्यांना तो समजावून सांगितला जात होता. शेवटी मीच म्हणाले, "मलाही सांगा." खाटेने तोंड उघडावं तसे ते दचकले. पण मग नीट सांगितलं, हे मान्य करते.

उजव्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती; तो आवाज तिच्यातून रेटून जाणाऱ्या रक्ताचा होता. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळे, म्हणून सगळ्या शरीरातच रक्त कमी पडलंय असं समजून ते रेनिन नावाचं द्रव्य सोडायचं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होऊन अंगातल्या रक्तवाहिन्या आवळायचं, शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावायचं. मला लगेच पटलं. पाटाच्या शेवटाला असलेल्या शेतकऱ्याची चारी, म्हणजे शेतात पाणी नेणारा चर, गाळाने बुजते, तो पाणी नाही म्हणून बोंबलतो, आणि पाटबंधाऱ्याची कचेरी अख्ख्या पाटाला जास्त पाणी सोडते. वरचे बांध फुटतात, आणि याची चारी कोरडीच.

"मग त्या रेनिनला अडवणारं औषध द्या की," मी म्हणाले.

"ते अजून यायचंय. परदेशात प्रयोग चाललेत. एका सापाच्या विषातून काहीतरी निघालंय म्हणतात."

ते औषध माझ्या पन्नाशीनंतर मला मिळालं, कारण प्रेशर वयाबरोबर पुन्हा वाढलं. रेनिनपासून आधी जे बनतं ते तसं मवाळ असतं, एक एन्झाइम त्याला जहाल करतं. ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. मला तिने कोरडा खोकला लागला, म्हणून दुसरी दिली. ती जहाल द्रव्य बनू देते, पण रक्तवाहिनीवर ते जिथे चिकटतं ती जागा आधीच धरून बसते. सकाळी चहाआधी एक, आणि एकच मूत्रपिंड उरलंय म्हणून अधूनमधून रक्ताची तपासणी. रडू येत नाही. आता ओळखीचे लोक ही गोळी "सवय लागते" म्हणून परस्पर बंद करतात आणि मला अभिमानाने सांगतात. अशा माणसांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे.

तेव्हा मात्र इलाज सुरीचाच होता. मूत्रपिंड पार आक्रसलं होतं, ते काढून टाकलं. काही दिवसांत पारा खाली आला. सकाळी उठल्यावर डोकं दुखत नाही, हे कळायलाच मला वेळ लागला. त्या सकाळी मी वडिलांशी उगीचच खूप बोलले.

नवरा टाके काढायच्या वेळी आला. देवळालीचे डॉक्टर गावात काय सांगत होते ते त्याने भाबडेपणाने मला सांगितलं. "ते म्हणतात, मला आधीच संशय होता. म्हणून तर मशीन पुन्हापुन्हा तपासलं." आणि सासूबाईंच्या मते तेलाचा गुण थोडा उशिरा आला होता. शिवाय, एका किडनीच्या बाईला मूल होतं का, तेही त्यांनी विचारायला सांगितलं होतं.

"होतं," मी म्हणाले. "पण त्यांना म्हणावं, घाई नाही."

मी बदलीचा अर्ज केला आणि मिरजगावच्या शाळेत गेले. नवरा सुरुवातीला शनिवारी यायचा, रविवारी परत जायचा. आईचा निरोप आणायचा, माझा न्यायचा, स्वतःचं काही बोलायचा नाही. वर्षभराने एका मंगळवारी तो ट्रंक घेऊन दारात उभा राहिला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिला विचारलं नाही."

लग्नानंतर त्याने स्वतःच्या डोक्याने केलेली ती पहिली गोष्ट. मी म्हणाले, "चपला बाहेर काढा आणि आत या."