एका ठोंबाचं शेत

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी कामाचं निमित्त काढलं, कधी तब्येतीचं. आता दादाच गेला आणि निमित्तंही संपली. गावात त्याच्या मुलांना अजून ‘भेसळवाले’ म्हणतात, म्हणून गावाकडच्यांसाठी आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांसाठी लिहितो आहे.

मी जर्मनीला निघालो त्या सकाळी खालापूरजवळच्या आमच्या घरापुढे जीप उभी होती. आई पिशवीत लाडू कोंबत होती. दादा शेतावरून धावत आला आणि रुमालात गुंडाळलेली एक बाटली त्यानं माझ्या हातात ठेवली. गवती चहाचं तेल. डोंगराच्या पायथ्याला तो गवती चहा लावायचा आणि स्वतःच्या भट्टीवर तेल काढायचा. शिळफाट्याच्या व्यापाऱ्यानं ते परत पाठवलं होतं. लिंबाचा वास कमी, फुलाचा वास जास्त, म्हणजे साबणातला स्वस्त सेंट मिसळलाय, असं त्याचं म्हणणं. बाबांनाही ते पटलं होतं.

“तिकडं तपास,” दादा म्हणाला. “आनि दोन मिंटं शेतात चल. पान चुरगाळून बघ. पानालाच तो वास हाय रं.”

“जीपवाला थांबायचा नाय, दादा.”

“बरं, जा. सायब झालास तू. तू म्हनशील तेच बाबा ऐकतील.”

तसंच झालं. तिकडे लॅबमध्ये यंत्रानं तेलातले घटक वेगळे करून दाखवले. त्यात लिनॅलूल भरपूर होतं. हे फुलासारख्या वासाचं द्रव्य कारखान्यातही बनतं आणि साबणात सर्रास घालतात. गवती चहाच्या तेलात ते एवढं असायला नको, असं पुस्तकात होतं. मी फोन केला. शिळफाट्याच्या बूथवर बाबा वाट बघत बसले होते. “तेलात बाहेरचं मिसळलेलं दिसतंय,” मी सांगितलं. ते म्हणाले, “पोटच्या पोरानं नाव घालवलं.”

त्यांनी शेत उपटलं, भट्टी मोडली. दादा वहिनीला घेऊन माथेरानला गेला आणि एका हॉटेलात चादरी धुऊ लागला. मी गाव सोडलं तेव्हा मला हार घातले होते. तो निघाला तेव्हा दारापर्यंतही कुणी आलं नाही.

पुढे मी वनस्पतीत वासाची द्रव्यं घडवणाऱ्या एन्झाइमवर काम करू लागलो. एन्झाइमच्या आत एक खोबण असते. आमच्या एन्झाइमच्या खोबणीत एक लांबट रेणू वाकून बसायचा आणि पाणी त्याच्या टोकाला येऊन जोडलं जायचं. त्यातूनच पुढे लिंबाचा वास बनतो. मी खोबणीतलं एकच अमिनो आम्ल बदललं. तेवढ्यानं रेणू जरा तिरका बसला आणि पाणी टोकाला न जोडता अलीकडेच जोडलं गेलं. कच्चा माल तोच, पण घडण्याची वाट बदलली आणि शेवटी बाहेर पडलं ते दुसरंच काही. मी कुपीचं झाकण उघडलं आणि दादाची बाटली नाकाशी आली.

यंत्रानं नंतर सांगितलं. लिनॅलूल.

असा बदल गवतात आपसूकही होतो. झाला असता एखाद्याच झाडात, तर बाकीच्या गवतात तो कळलाही नसता. पण गवती चहा कुणी बी टाकून लावत नाही, ठोंब फोडून फुटवे लावतात. बांधावरचा एक ठोंब फार जोमदार आला म्हणून दादानं वर्षानुवर्षं त्याचेच फुटवे काढून अख्खं शेत भरलं होतं. ते फुटवे सोलायला मी स्वतः त्याच्या शेजारी बसलो होतो. मला सगळं माहीत होतं. तरी मी फक्त बाटली तपासली. एक पान मागवलं नाही.

त्या कामाचं तिकडे कौतुक झालं. त्या संध्याकाळी फोन उचलला आणि परत ठेवला. बाबांना काय सांगणार होतो? मग बाबा गेले. मग म्हटलं, दादाला भेटीतच सांगू. भेटायला गेलोही. हॉटेलच्या मागे दोरीवर चादरी वाळत होत्या.

“काय रं सायब, तिकडं चा बरा मिळतो का?” दादा हसून म्हणाला. त्याचे हात सोड्यानं पांढरे पडले होते.

“मिळतो की,” म्हणालो. थंडीच्या गप्पा मारल्या आणि उतरलो.

यंदा माथेरानला गेलो ते तो गेल्यावर. वहिनीनं चहा ठेवला. दाराबाहेर तेलाच्या डब्यात गवती चहाचा एक ठोंब होता, त्यातलं पान तोडून तिनं चहात टाकलं. वाफेला फुलाचा वास आला. मी कप पुन्हा नाकाशी नेला.

“शेत उपटलं तवा एक फुटवा लपवून आनला होता यांनी,” ती म्हणाली. “म्हनायचे, माझा भाऊ एक ना एक दिवस इथं चा पियील. पियाला की त्याला कळंल.”

मागच्या भेटीत मी चहाला थांबलो नव्हतो.

“कसा झालाय, भावोजी?”

“चांगला झालाय,” म्हणालो. तिलाही सांगता आलं नाही.

जर्मनीतल्या फ्लॅटला मी घर म्हणत नाही. गावच्या घरात जायला तोंड नाही. घर म्हटलं की आता तो डबा दिसतो, आणि त्यातलं माझं काहीही नाही.

दादा, तुझं तेल चोख होतं. वास पानालाच होता. मला माफ कर.