देवूभाऊ आणि मेळाव्याचा सर्व्हर

स्वतःचं लग्न जमू नये म्हणून मीच मेळाव्याचा सर्व्हर बंद पाडला, असं आमच्या समाजातले काही लोक अजूनही सांगतात.

साफ खोटं आहे.

खरं काय ते देवूभाऊंना माहीत होतं. आणि आज सकाळी देवूभाऊ गेले.

म्हणून आज लिहून टाकते.

आर्वीला एसटी डेपोजवळ देवूभाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. बाकीचे क्लासवाले टायपिंग शिकवायचे. देवूभाऊ लोकांनी टाकून दिलेली जुनी मशीन्स उचलून आणायचे, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम टाकायचे आणि म्हणायचे, "याच्यात अजून लई जान हाये."

मी बी.कॉम. झाल्यावर तिथे गेले ती निव्वळ टाइमपास म्हणून. वर्षभरात मला दुसरं काही सुचेनासं झालं. काळ्या स्क्रीनवर कमांड मारली की मशीन सरळ उत्तर देतं, हे मला फार आवडायचं. घरात एवढं सरळ कोणी बोलत नव्हतं.

देवूभाऊंची एक सवय होती. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला ते हात लावायचे नाहीत. तुम्ही अडा, रडा, चुकीची फाइल उडवा. ते आपले मागे हात बांधून उभे.

फार झालं तर म्हणायचे, "लॉग वाच ना बाप्पा. ते सांगून राह्यलं, तू ऐकूनच नाई राह्यली."

लॉग म्हणजे मशीन स्वतःच लिहून ठेवतं ती नोंदवही. मला राग यायचा. भयंकर राग यायचा.

२००३च्या आसपासची गोष्ट. बाबांचं कापडाचं दुकान. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "मेळाव्यापर्यंत काय कॉम्प्युटर करायचं ते करून घे. मंग पुरे."

मेळावा म्हणजे आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. आणि नेमकं तेव्हाच मला पुण्याच्या एका लहानशा कंपनीकडून बोलावणं आलं होतं, सर्व्हर सांभाळायच्या कामाचं. बाबांनी विषयच बंद केला होता.

त्यात मेळावा भरवणाऱ्या समितीला त्या वर्षी मेळावा 'हायटेक' करायचा होता. मंगल कार्यालयात कॉम्प्युटर मांडायचे, सगळे एका सर्व्हरला जोडायचे आणि स्थळं स्क्रीनवर बघायची. काम देवूभाऊंकडे आलं. त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

म्हणजे सगळ्या पोरापोरींचे बायोडाटे मी भरले. माझासुद्धा मीच भरला! रंग गोरा, स्वभाव मनमिळाऊ. व्यवसायाचा रकाना बाबांनी रिकामा ठेवायला लावला.

अध्यक्षांनी ऐनवेळी एक फर्माईश केली. प्रत्येक बायोडाट्याखाली 'किती जणांनी पाहिलं' तो आकडा पाहिजे. टाकला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच सगळं ठप्प.

क्लिक करून चहा पिऊन आलं तरी पान उघडेना. मुलाकडची मंडळी खोळंबली. अध्यक्ष माइक सोडून धावत आले. "रीस्टार्ट मारा ना!"

मारला. थोडा वेळ चाललं, परत बसलं.

अध्यक्ष तापले. "देवूभाऊ, तुमी बसा खुर्चीवर! पोरीच्या हाती काऊन देलं?"

देवूभाऊ मागे हात बांधून उभे. "ती बसली हाये ना," एवढंच म्हणाले.

मला रडू फुटायचं बाकी होतं. समोरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशी बाबा होते, आजूबाजूला अख्खा समाज होता. आज फजिती झाली तर पुणं कायमचं गेलं, हे मला पक्कं कळत होतं.

मग रडणं बाजूला ठेवलं आणि डेटाबेसलाच, म्हणजे सगळे बायोडाटे ठेवलेल्या कोठारालाच, विचारलं, आत्ता तुझ्या दारात रांगेत कोण कोण उभं आहे?

रांगेत सगळी त्या 'किती जणांनी पाहिलं' आकड्याचीच कामं!

आकडा वाढवायचा म्हणजे डेटाबेस क्षणभर सगळ्या बायोडाट्यांना कुलूप लावणार, तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. एरवी हे कळतही नाही. पण इथे आईबाप आपापल्याच पोरांचा बायोडाटा परत परत उघडत होते. आकडा फुगला म्हणजे स्थळाला मागणी दिसते ना!

आणि एकाच बायोडाट्याचा नंबर सगळ्यात जास्त येत होता.

माझा.

मी मान वर केली. समोर बाबा, जीभ दातांत धरून, माउस बडवत होते.

हसू की रडू कळेना. मी प्रोग्राममधली आकडा वाढवणारी ओळ काढून टाकली. पानं धडाधड उघडायला लागली.

"अरे! आकडा कुठी गेला?" बाबा ओरडले.

"बाबा, तुमीच बंद पाडला होता सर्व्हर," मी म्हटलं, आणि त्यांना हाताला धरून आणून ती रांग दाखवली.

बाबांनी स्क्रीनवरच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हंजे कोण काय करून राह्यलं ते तुले इथं बसून दिसते?"

"दिसते."

मग देवूभाऊंकडे वळून म्हणाले, "हिले खरंच येते का हे काम?"

"मले काऊन इचारता काकाजी? म्या तं हात बी नाई लावला."

दुपारी पंगतीत माझ्या पानात जिलबी वाढता वाढता बाबांनी हळूच विचारलं, "पुण्यात राह्यची सोय काय हाये?"

त्या मेळाव्यात माझं काही जमलं नाही. पुढे पुण्यात जमलं, तो वेगळा विषय.

पण त्यानंतर बाबा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना कापड फाडता फाडता सांगायचे, "पोरगी हाये ना घरी? देवूभाऊकडं पाठवजा."

लोकांनी पाठवल्या. बाप स्वतः स्कूटरवर सोडायला यायचे.

त्यातली एक आज बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. एक आमच्याच जिल्ह्यात बोरगाव मेघेत घरी बसून कुठल्या कुठल्या देशातले सर्व्हर सांभाळते. सकाळपासून आम्हा सगळ्यांचे एकमेकींना फोन चालू आहेत. रडतोय, आणि मधेच कोणीतरी त्यांची नक्कल करते की सगळ्या हसतोय.

देवूभाऊ, तुम्ही आमची आयुष्यं घडवली असं म्हटलेलं तुम्हाला चाललं नसतं. पण तसंच आहे, आणि आज तुम्ही अडवू शकत नाही.

निवांत जा देवूभाऊ. इथलं सगळं आम्ही पाहतो.