घसा बसला त्या दिवशी

घसा बसला तेव्हा पहिला राग देवावरच काढला. वास्तविक मी देवाला मानत नव्हतो. माझ्या पत्रकांत देऊळ म्हणजे गिरणीमालकांचं दुसरं गोदाम होतं. पण संपात गिरणीच्या फाटकावर तीन दिवस ओरडून चौथ्या सकाळी तोंडातून नुसती हवा येऊ लागली, आणि त्याच सकाळी आमच्या एका विणकराला पोलिसांनी धरून नेलं. चौकीपुढे कामगार जमले. मुठीत दगड, समोर बंदुका. दगड उचला, असं आदल्या दिवशी मीच गर्जून सांगितलं होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. गर्दीत पुढे बायका उभ्या दिसल्या आणि मी घाबरलो. "थांबा" म्हणायला गेलो, तर फुंकर निघाली.

"का रं, आज बोलती बंद? काल लई डरकाळ्या फोडत होतास की!" शेजारचा एक जण म्हणाला.

डोळे मिटले. ज्याला मानत नव्हतो त्यालाच मनात म्हटलं, माझ्यानं आता काही होत नाही, तू बघ.

खांद्यावर हात पडला. गिरणीत विणायच्या साच्यांशेजारी बसून कांड्यांवर सूत भरणारी एक तेलुगू म्हातारी होती. माझी ओळखही नव्हती. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "ओरडतो कशाला, नायना, लेकरा? साचे चालताना आमी ओरडतो काय? असं बोलतो."

तो आवाज! शब्द थोडे, वारा जास्त. पिंजलेल्या कापसासारखा हलका, ऊबदार, तरी अक्षर न् अक्षर स्पष्ट. साच्यांच्या खडखडाटात जन्म काढून कमावलेला.

मी तसंच तिच्या कानात सांगितलं, "दगड खाली ठेवा. पहिला दगड आपला नको." तिनं ते पुढच्याच्या कानात घातलं, त्यानं त्याच्या पुढच्याच्या. सगळे गिरणीतलेच, कुणाला शिकवावं लागलं नाही. गर्दीभर सळसळ पसरली. ऐकायला माणसं वाकली, गप्प झाली. एक दगड पडला, मग पुष्कळ. माणसं खाली बसली. बऱ्याच वेळानं बंदुका उतरल्या, आणि दुपारी आमचा विणकर आपल्या पायांनी चालत बाहेर आला.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, यावर मी वाद घालणार नाही. इतकंच कळलं, की सत्य माझ्या छातीच्या जोरावर चालत नाही. मी बाजूला झालो तरी ते पोहोचतं, बहुधा लवकर पोहोचतं. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसलो. मागायला काही नव्हतं, म्हणायला आवाज नव्हता. श्वास येत होता, जात होता. तेवढाच त्याच्यापुढे ठेवला.