पाचवा आकडा

कतारमध्ये उम्म सईदला एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. ठेकेदार जपानी होता आणि त्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांची कवायत होई. इंजिनिअर, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर हेल्मेट घालून रांगांत उभे राहत आणि जपानी आकड्यांवर हात वर-खाली करत. आकडे एका मराठी फोरमनने पुकारायचे, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे. इची, नी, सान, शी, गो. पाचव्या आकड्याला कोकणातली मुलं फिदीफिदी हसत. मालवणकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'गो' अशी हाक मारतो. बायकांना गावी ठेवून आलेले शेकडो पुरुष वाळवंटात रोज सकाळी एका सुरात बायकोला हाक मारत, हा तो विनोद.

मी तेव्हा दोह्यातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कवायतीचा विनोद मी ऐकला तो एका पुणेकर इंजिनिअरच्या घरी, शुक्रवारच्या जेवणात, आणि सांगत होता खुद्द तो फोरमन. साताऱ्याकडचा, साठीला टेकलेला, ताठ माणूस. त्याला सगळे काका म्हणत. त्याला जपानी येत असे आणि त्यामुळे साइटवर त्याचा शब्द चाले.

"हा विनोद आजचा नाही बरं का," तो म्हणाला. "मी हा लढाईत ऐकलाय. न्यू ब्रिटन बेटावर. आम्ही जपान्यांचे कैदी. सकाळी हजेरीला रांगेनं आकडे म्हणायचे. एक मालवणी गडी पाचवा उभा होता. त्यानं 'गो' अशी काय लांबवली, जणू पाणंदीतून घरात हाक मारतोय. सगळी रांग हसून लोळली."

"मग?" इंजिनिअरच्या बायकोने विचारलं.

"मग काय, वहिनी, जपान्यालाही हसू फुटलं."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला ही गोष्ट माहीत होती आणि तिचा शेवट हा नव्हता.

माझे वडील लष्कराच्या पुरवठा खात्यात होते. सिंगापूर पडलं तेव्हा ते पकडले गेले. पुढच्या वर्षी जपान्यांनी त्यांना मजुरीसाठी बोटीत कोंबून पॅसिफिकमधल्या त्या बेटावर नेलं. दोस्तांच्या फौजा नंतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला उतरल्या, पण राबाउलच्या मोठ्या जपानी तळावर त्या चालून आल्या नाहीत. त्यांनी त्याची रसद तोडली आणि त्याला तसंच कुजत ठेवलं. वरून रोज विमानं येत आणि बाँब टाकत. बाँबला पहारेकरी कोण आणि कैदी कोण हे कळत नव्हतं. बोटी येईनाशा झाल्या. कैद्यांनी डोंगरात भुयारं खोदायची, रताळी लावायची आणि त्यातली थोडीच खायची. दोस्तांचा वेढा जसा आवळत गेला तसा कैद्यांना बसणारा मार वाढत गेला, असं वडील सांगत.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मी कॉलेजात असताना. पाचवा माणूस त्यांचा मित्र होता, मालवणजवळच्या गावचा. वडील सहावे. त्या सकाळी मित्राने 'गो' लांबवली आणि पहिलं हसू वडिलांना फुटलं, मग रांगेला. पहारेकऱ्याला काही कळलं नाही. तो बावळटासारखा पाहत उभा राहिला. वडिलांच्या मते तो एका शिवीवर विषय संपवणार होता. पण हजेरी घेणारा नाईक आपला, मराठी होता. तो जपानी शिकला होता, रांगेच्या बाहेर उभा राहत असे आणि त्याला भात वेगळा मिळे. तो आपणहून पुढे झाला आणि पहारेकऱ्याला जपानीत काहीतरी बोलला. त्यानंतर पहारेकरी बांबू घेऊन आला. त्याने सुरुवात पाचव्यापासून केली.

वडिलांचा डावा कान त्या दिवशी गेला. मित्र तीन दिवस जगला.

शरणागतीनंतर ऑस्ट्रेलियन सैनिकांनी कैद्यांना सोडवलं. वडिलांनी चौकशीत नाईकाचं नाव सांगितलं. कुणी तरी ते लिहून घेतलं आणि पुढे काही झालं नाही. गावी आल्यावर वडील मित्राच्या बायकोला भेटायला गेले. तिला म्हणाले, तापाने गेला. ज्या हाकेला ती ओ देत असे त्याच हाकेपायी तो मेला, हे तिला कसं सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

"पहारेकऱ्याला ते हसू कळणंच शक्य नव्हतं," वडील म्हणाले होते. "मराठी माणसानेच ते त्याला समजावलं."

जपानी येणारा तो नाईक हाच, हे मी ओळखलं होतं. त्या शुक्रवारी मी इंजिनिअरच्या घरून निघालो तेव्हा मला फोरमनचा सूड घ्यायचा होता. हे मी सौम्य शब्दांत मांडणार नाही. पण मुंबईत मी ज्या वृत्तसंपादकाच्या हाताखाली शिकलो तो एकाच माणसाच्या तोंडावर विसंबून बातमी छापू देत नसे. माझ्याकडे वडिलांचं एकच तोंड होतं. दुसरं फोरमनचं हवं होतं.

संधी मराठी मंडळाने दिली. दिवाळीच्या फराळाला उम्म सईदच्या कामगार कॅम्पच्या मेसमध्ये काकांचा सत्कार ठरला होता. सत्काराआधी प्रकट मुलाखत. सचिव मला म्हणाले, "तुम्ही पत्रकार, मुलाखत तुम्हीच घ्या. लढाईच्या आठवणी, थोडं हलकंफुलकं. मुलांना आवडतं." मी हो म्हटलं. पूर्वतयारी म्हणून मी फोरमनला एकदा भेटलोही. तो खुश होता. "तेवढा 'गो'चा किस्सा विचारायला विसरू नका," तो म्हणाला.

मेस भरलेली होती. दोह्याहून कुटुंबं आली होती, मागे कॅम्पमधले कामगार बाकांवर, खिडक्यांत. चकल्यांच्या ताटांशेजारी टेबलावर शाल आणि नारळ. मी अर्धा तास त्याला सुखाने बोलू दिलं. बोट, डास, रताळी, दोस्तांची विमानं. तो चांगला बोलत असे. मग मी किस्सा विचारला, त्याने सांगितला आणि हशा झाला.

"काका, त्या रांगेत तुम्ही कितवे होता?"

"मी रांगेत नव्हतो. मी मोजणी घ्यायचो."

"म्हणजे पहारेकऱ्याच्या बाजूला?"

"बाजूला म्हणजे, उभं राहायला सावली तिथंच होती!" पुन्हा हशा.

"आणि पहारेकरी हसला म्हणता. त्याला मालवणी येत होतं?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोरमनही हसला. "मालवणी कुठलं! थोडंफार हिंदी कळायचं त्याला."

मागच्या खिडकीतून एक वेल्डर ओरडला, "हिंदीत 'गो' खंय असता, काकानू?"

संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो. पण तो एकदम थांबला नाही, रांगेरांगेने विरत गेला. आधी कोकणातले गप्प झाले. त्यांना सगळ्यांच्या आधी हिशेब लागला होता. मग बाकीचे त्यांच्याकडे बघून.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "हिंदीत नाही. मग हा विनोद त्याला समजावला कुणी?"

फोरमनने पाण्याचा ग्लास उचलला. "इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवतंय, साहेब."

"पाणंदीतली हाक आठवते तुम्हाला. त्या पाचव्या माणसाचं पुढे काय झालं?"

"मेला बिचारा. तिथं रोज माणसं मरायची."

"कशाने?"

"तापानं."

"ताप मार खाल्ल्यावर आला की आधी?"

पहिल्या रांगेतून सचिव हाताने मला आवरतं घ्यायची खूण करत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोरमन माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच नीट.

"तू कोण रे?" तो म्हणाला.

"त्या रांगेतल्या सहाव्याचा मुलगा."

माइक चालू होता. पंखे चालू होते. त्याने ग्लास खाली ठेवला.

"मी सांगितलं नसतं तर त्यानं सगळ्या रांगेला झोडपलं असतं," तो म्हणाला. "तुझ्या बापालासुद्धा."

"त्यांना झोडपलंच. त्याने तुम्हाला बोलावलं होतं, की तुम्ही गेलात?"

त्याने टेबलावरच्या शालीकडे पाहिलं. मी प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत, त्याच आवाजात.

"गेलो," तो म्हणाला.

"धन्यवाद," मी म्हणालो आणि मुलाखत संपल्याचं जाहीर केलं.

शाल आणि नारळ टेबलावर तसेच राहिले. इंजिनिअरच्या बायकोने मुलांना बाहेर नेलं. तिचा मोठा मुलगा तिला इंग्रजीत विचारत होता, काकांनी काय केलं, आणि ती त्याचा हात ओढत पुढे चालली होती. सचिव मला दाराशी गाठून म्हणाले, "अहो, सणाचा दिवस! म्हातारा माणूस तो! काही काळवेळ?"

"तेव्हा तो म्हातारा नव्हता," मी म्हणालो.

मंडळाने मला पुढे कार्यक्रमांना बोलावणं सोडलं. तेही न्याय्य होतं.

पण कामगारांनी त्याचं पुढे जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं. आठवड्याभरात तो वेल्डर काही कामासाठी दोह्याला आला आणि मला म्हणाला, "एकदा सकाळी येवा, बघा तरी." मी कंपनीच्या बसमधून गेलो. ऊन अजून तिरपं होतं. फोरमन पुढे उभा होता, समोर रांगा.

"इची!"

"इची!"

"नी!"

"नी!"

सान आणि शी झालं. मग तो म्हणाला, "गो!"

एकही आवाज आला नाही. हात वर गेले, खाली आले, शेकडो हात, आणि नुसता बाह्यांचा फडफडाट ऐकू आला. फोरमनने सहावा आकडा "रोकु" पुकारला तेव्हा सगळ्या रांगा एकदम गरजल्या, "रोकु!" आकडे फिरून पुन्हा एकवर आले आणि पाचवर पुन्हा तेच. मराठी येत नसलेले केरळी, पठाणसुद्धा पाचवर गप्प राहत होते. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे.

जपानी इंजिनिअर चक्रावला होता. कवायत संपल्यावर त्याने वेल्डरला इंग्रजीत विचारलं, पाच का म्हणत नाही?

"आमच्यात पाच म्हणत नाहीत, सर," वेल्डर तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाला. "रिवाज आहे."

इंजिनिअरने मान डोलावली आणि रिवाजाचा मान राखला. फोरमन दोन पावलांवर उभा होता. त्याने ते ऐकलं. आकडे पुकारण्याचं काम नको, असं त्याला जपान्यांना सांगता आलं असतं, पण मग का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून तो रोज पुकारत राहिला. थंडी सुरू झाली, संपली. मी अधूनमधून बसने जात असे, फक्त ती कवायत बघायला. परत येऊन मी रोजचं काम करी, बातम्या कापी, मथळे देई, आणि त्या दिवशी मला जेवण चांगलं जाई.

उन्हाळ्याच्या तोंडाला वेल्डरचा फोन आला. "काका खलास. तिकीट काढल्यान. साताऱ्याक गेलो, झिलाकडे." फोरमन नोकरी सोडून कायमचा मुलाकडे गेला होता.

त्या वर्षीच्या रजेत मी वडिलांना सगळं सांगितलं, उजव्या बाजूला बसून, काही न गाळता. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "गेलो म्हणाला? स्वतःच्या तोंडाने?"

"हो. माइकवर."

"पत्ता आहे?"

होता. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला पत्ता मिळवता येतो. मी दिला.

त्यांनी मला बरोबर येऊ दिलं नाही. आधी ते मालवणला गेले, मित्राच्या बायकोकडे. तीस-पस्तीस वर्षांनी त्यांनी तिला सांगितलं की तो ताप नव्हता, मी खोटं बोललो. तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि म्हणाली, लुगडं बदलून येते. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने साताऱ्याला गेली.

फोरमनच्या सुनेने दार उघडलं, सतरंजी घातली, चहा टाकते म्हणाली. बाई उंबऱ्यातच उभी राहिली. फोरमन आतून आला. वडिलांना त्याने ओळखलं. बाईला ओळखायचं त्याला कारण नव्हतं. बसा, तो म्हणाला.

"बसाक येवक नाय मी," बाई म्हणाली. "तुमीय बसू नकात. उभ्यानच सांगा."

त्याने सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "काय, बाबा?"

मग त्याने सांगितलं. बाईने त्याला काही गाळू दिलं नाही. पहिला फटका कुठे बसला, तीन दिवस पाणी कोण पाजत होतं, पुरलं कुठे, सगळं विचारलं. मुलगा आणि सून ऐकत होते. त्याचं सांगून झाल्यावर वडील आणि बाई परत स्टँडवर आली. चहा घेतला नाही.